बहिणीच्या नावावर पहिलं गृहकर्ज, दाजींचा सिबिल ५८८. वाट कशी काढायची?

सिंदफणाकाठ
मंडळी, नेमका सल्ला पाहिजे. बहीण जिल्हा परिषदेत लिपिक आहे, वय ३२, हातात येणारा पगार ४६,०००, सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासावरचे गुण) ७७१. दाजी वाळूज एमआयडीसीत कंत्राटी कामावर आहेत, पगार १७,०००, सिबिल ५८८. छत्रपती संभाजीनगरला सातारा परिसरात एक रो-हाऊस बघितलंय, किंमत ३२ लाख. कर्ज २५ लाखांचं पाहिजे. ताईच्या पगारातून पतसंस्थेचा २,६०० चा हप्ता कापला जातो, त्यातले ४१,००० बाकी आहेत.

दाजींच्या रिपोर्टात चार गोष्टी आहेत. क्रेडिट कार्ड २०२१ मध्ये 'सेटल्ड'. दुचाकीचं कर्ज फिटलंय, पण २०२३ मध्ये हप्ते लांबले होते. चुलतभावाच्या ट्रॅक्टरला जामीन आहेत आणि ते खातं आज थकलेलं आहे. शिवाय गावाकडं पीककर्ज आहे, ते दरवर्षी नवं-जुनं होतं (जुनं भरून लगेच नवं उचलतात).

घर दोघांच्या नावावर व्हावं अशी घरच्यांची इच्छा आहे. मालक परवा इसार मागतोय. काय करावं?

मांजरापट्टा
सगळ्यात आधी एकच सांगतो, परवा इसार देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू.

खरेदीखतावर ज्यांची नावं येणार, त्या सगळ्यांना बँक कर्जात सहअर्जदार करून घेते. म्हणजे कर्ज कुणाच्या नावावर निघणार, हे इसार पावतीवर नावं लिहिली की तिथंच ठरून जातं. दोघांची नावं लिहून इसार दिला की दाजींचा रिपोर्ट निघणारच. सहअर्जदार दोन असले की बँक दोघांचे रिपोर्ट काढते आणि निर्णय बहुतेक वेळा कमी गुण असलेल्याकडं बघून होतो. ताईचे ७७१ मग उपयोगाला येत नाहीत.

लग्न झालं म्हणून दोघांचा सिबिल एक होत नाही. दाजींचे ५८८ ताईच्या रिपोर्टात कुठंही दिसत नाहीत. दोघांचा संबंध जुळतो तो एकत्र कर्ज काढलं किंवा एकानं दुसऱ्याला जामीन दिला तरच.

दुधना_परतूर
मग सोपं आहे की. ताईनं एकटीनं अर्ज करावा, दाजींचं नाव कुठंच काढू नये.

मांजरापट्टा
एकटीनं अर्ज करणं बरोबर आहे, लपवणं बरोबर नाही. अर्जात जोडीदाराचं नाव, नोकरी आणि घरावर अवलंबून असलेली माणसं विचारतात, तिथं खरं लिहायचं. कर्ज ताईच्या पगारावर बसतं का, हा खरा हिशोब आहे. तो मांडू.

पगार ४६,०००. या पगाराला बँक साधारण निम्म्यापर्यंत हप्ते चालवून घेते, म्हणजे २३,०००. त्यातून पतसंस्थेचे २,६०० वजा केले की २०,४०० उरतात. पतसंस्थेचं कर्ज सिबिलला दिसो वा न दिसो, पगारपत्रकात कपात दिसतेच आणि बँक ती धरते.

साडेआठ टक्के दरानं २० वर्षांसाठी लाखाला ८६८ रुपये हप्ता पडतो. २०,४०० भागिले ८६८ म्हणजे साडेतेवीस लाख. दीड लाख कमी पडतात.

इथं लोक घाईनं मुदत २५ वर्षं करून घेतात. लाखाला ८०५ पडतात, २५ लाख बसतात आणि ताईचं वय ३२ असल्यानं निवृत्तीच्या आत कर्जही फिटतं. पण पूर्ण मुदतीत २० वर्षांचे एकूण ५२ लाख ७ हजार जातात, तर २५ वर्षांचे ६० लाख ३९ हजार. सव्वाआठ लाखांचा फरक आहे.

त्यापेक्षा पतसंस्थेचे ४१,००० आधी भरून टाका. कपात बंद झालेलं एक पगारपत्रक हातात आलं की पूर्ण २३,००० मोकळे होतात आणि २० वर्षांतच साडेसव्वीस लाख बसतात. ४१ हजारांत तीन लाखांची पात्रता वाढते. दाजींच्या १७ हजारांची गरजच उरत नाही.

सिंदफणाकाठ
हे डोक्यातच आलं नव्हतं. पतसंस्थेचं तर लगेच करता येईल. पण दाजींचं नाव घरावर कधीच लागणार नाही का? त्यांना वाईट वाटेल.

तेरणाखोरे
लागतं. दोन टप्प्यांत करायचं.

आत्ता खरेदीखत एकट्या ताईच्या नावावर करा. महाराष्ट्रात निवासी घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ३२ लाखांवर ३२,००० वाचतात. नवऱ्याचं नाव जोडीला आलं की ही सवलत जाते. आधी असं घर १५ वर्षं पुरुषाला विकता येत नव्हतं, ती अट २०२३ मध्ये काढली. नोंदणी फी १ टक्का असते, पण ३०,००० च्या वर जात नाही, त्यामुळं तुमची ३०,००० च धरा.

पुढं दाजींचा रिपोर्ट सुधारला की बँकेचं लेखी ना-हरकत घेऊन ताई अर्धा हिस्सा त्यांना बक्षीसपत्रानं देऊ शकते. नवरा-बायकोतल्या निवासी घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. महापालिका हद्दीत १ टक्का अधिभार त्याच्या वर लागतो. बँकेला न विचारता बक्षीसपत्र केलंत तर तो कर्जकराराचा भंग होतो, हे विसरू नका.

एक गोष्ट आत्ताच समजून घ्या. दाजी मालकही नाहीत आणि कर्जदारही नाहीत, तर हप्त्यात पैसे घातले तरी त्यांना आयकरात या कर्जाची वजावट मिळत नाही. दोघांच्या नावावर घर घेण्याचा खरा फायदा जुन्या करपद्धतीत असतो. १७ हजारांच्या पगाराला कर बसतच नाही, म्हणून तुमचं काही बुडत नाही.

मांजरापट्टा
एक पुस्ती जोडतो. काही शाखा म्हणतात, "नवरा सहअर्जदार नको, पण जामीनदार म्हणून सही द्या." जामीनदाराचाही रिपोर्ट निघतो, मग सगळं परत तिथंच येतं. त्याऐवजी ताईच्या कार्यालयातला कायम सेवेतला सहकारी किंवा पगारदार भाऊ द्यावा. सिंदफणाकाठ, तुम्ही स्वतः पगारावर असाल तर आधी स्वतःचा रिपोर्ट काढून बघा. आणि जामीन म्हणजे निव्वळ ओळख नाही, पूर्ण कर्जाची जबाबदारी येते. दाजींचं काय झालं ते समोर आहेच.

पूर्णाकाठची_शिक्षिका
दाजींचा रिपोर्ट आता ओळ न ओळ वाचायला लागेल. नुसता ५८८ हा आकडा बघून काही कळत नाही. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. पॅन आणि मोबाईलवरचा ओटीपी लागतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढला तर गुण कमी होत नाहीत. चारही काढा, कारण एकीकडं दुरुस्त झालेलं दुसरीकडं तसंच राहिलेलं असतं.

प्रत्येक खात्याच्या चौकटीत आधी 'ओनरशिप' बघायची. तिथं इंडिव्हिज्युअल, जॉइंट किंवा गॅरंटर असं लिहिलेलं असतं. ट्रॅक्टर तिसऱ्यात येईल. मग 'अमाउंट ओव्हरड्यू'. ही रक्कम शून्य नसेल तर सगळ्यात आधी हेच खातं हातात घ्यायचं. त्याखाली महिन्यांचे छोटे चौकोन असतात, त्यांना डीपीडी म्हणतात. ००० म्हणजे वेळेवर, ०३० म्हणजे हप्ता तीस दिवस लांबला, ०६० म्हणजे साठ. एक्सएक्सएक्स दिसलं तर घाबरू नका, त्या महिन्याची माहिती बँकेनं कळवलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. असे ३६ महिने दिसतात. दुचाकीचे ०३०, ०६० पुसता येत नाहीत, ते हळूहळू मागं सरकत जातात आणि त्यांचं वजन कमी होतं. त्यावर पैसे खर्च करू नका.

सिंदफणाकाठ
रिपोर्ट समोर घेऊनच लिहितोय. ट्रॅक्टर: गॅरंटर, ओव्हरड्यू १,१२,०००. कार्ड: सेटल्ड, माफ झालेली रक्कम ३८,४००, बाकी शून्य. यात आधी काय करू?

पूर्णाकाठची_शिक्षिका
ट्रॅक्टर. कार्डाचा डाग जुना आहे, ट्रॅक्टरची थकबाकी दर महिन्याला नव्यानं नोंदली जातेय.

मांजरापट्टा
बरोबर. आणि ट्रॅक्टरमध्ये एक चूक हमखास होते. चुलतभाऊ म्हणेल, "ऊस गेल्यावर एक हप्ता भरतो, मग खातं नीट होईल." होत नाही. खातं एकदा एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक, झालं की एक-दोन हप्ते भरून ते वर येत नाही, थकलेलं सगळं मुद्दल आणि व्याज भरावं लागतं. रिझर्व्ह बँकेनं हे नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून १,१२,००० पैकी ६०,००० भरून उपयोग नाही. भरायचे तर पूर्ण भरा, नाहीतर तेवढे पैसे हातात ठेवा.

जामिनातून नाव काढणं बँकेच्या संमतीशिवाय होत नाही. बदली जामीनदार द्यावा लागतो आणि थकलेल्या खात्यात बँक तसं करत नाही. आधी खातं नियमित करा, मग बदलीचा अर्ज द्या. चुलतभावाला दाजींनी पैसे दिले तर ते बँकेतून द्यावेत आणि कागद करून घ्यावा. घरातली गोष्ट आहे म्हणून तोंडी ठेवू नये.

दुधना_परतूर
आणि कार्डाचं? सेटल केलं म्हणजे फिटलं ना?

मांजरापट्टा
फिटलं नाही. बँकेनं काही पैसे सोडून दिले, एवढंच झालं. 'सेटल्ड'चं 'क्लोज्ड' करायचं असेल तर कार्डवाल्या बँकेला लेखी विचारा की सोडलेले ३८,४०० भरले तर खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवाल का. लेखी होकार येईपर्यंत एक रुपया भरू नका. भरल्यावर नो-ड्यूज दाखला घ्या, त्यावर खातेक्रमांक आणि 'पूर्ण रक्कम प्राप्त' हे शब्द पाहिजेत. कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (थकीत कर्जं विकत घेणारी कंपनी) विकलेलं असेल तर दाखला त्या कंपनीकडून घ्यायचा, मूळ बँकेचा चालत नाही.

पण ताई एकटी कर्ज घेत असेल तर हे ३८,४०० आज भरायची गरज नाही. ते पैसे इसाराला लावा, कार्ड पुढच्या वर्षी बघा.

तेरणाखोरे
पीककर्जाचं कुणी बोललं नाही. आपल्याकडं निम्मे रिपोर्ट तिथंच अडकतात. राष्ट्रीयीकृत बँकेचं किसान कार्ड असेल तर ते सिबिलला दिसतं. नवं-जुनं मुदतीत झालं की खातं नियमित राहतं. चार महिने उशिरा झालं तर डीपीडी चढतो. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की एनपीए होतं. गाडीच्या कर्जाचे नव्वद दिवस इथं लागू नाहीत, तरी उशीर तो उशीरच.

दुष्काळात पुनर्गठन झालेलं असेल तर रिपोर्टात 'नैसर्गिक आपत्तीमुळं पुनर्रचना' अशा अर्थाची नोंद असते. शहरातल्या कर्ज विभागाला ती नुसती 'रिस्ट्रक्चर्ड' वाटते. गावच्या शाखेकडून पत्र घ्या: कोणत्या हंगामात पुनर्गठन झालं, आज खातं नियमित आहे. २०१७ च्या किंवा २०१९ च्या कर्जमाफीत बसलेलं जुनं खातं अजून थकीत दिसत असेल तर तीही चूकच आहे, तक्रार करा.

पूर्णाकाठची_शिक्षिका
तक्रार त्याच कंपनीच्या साइटवर 'डिस्प्यूट' म्हणून टाकायची. कंपनी स्वतःहून आकडा बदलत नाही, बँकेला विचारते, म्हणून बँकेलाही त्याच दिवशी अर्ज द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. नाही लागला तर त्यापुढं दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. तरी हललं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार, फी नाही. बँका आता किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवतात, त्यामुळं पैसे भरले की महिनाभरात रिपोर्टात दिसायला हवेत.

आणि ताईंनो, बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल तर क्रिफ हाय मार्कचा रिपोर्ट विसरू नका. सातशे-आठशेची बाकी राहिलेलं जुनं गटकर्ज तिथं 'रिटन ऑफ' (बुडीत धरलेलं) म्हणून पडून असतं आणि बाईला त्याचा पत्ताही नसतो.

गोदा_पैठण
इथं एक एजंट पंधरा हजार घेऊन महिन्यात सिबिल ७५० करून देतो म्हणतोय. खरं असतं का हे?

पूर्णाकाठची_शिक्षिका
नाही. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही आणि खोटी नोंद तुम्ही स्वतः फुकट दुरुस्त करू शकता. पॅन, आधार, ओटीपी अशा माणसाच्या हातात देऊ नका. कळकळीनं सांगतेय.

मांजरापट्टा
आणखी एक. कर्ज करून देणारे मध्यस्थ एकच फाईल पाच ठिकाणी टाकतात. पाच चौकशा नोंदल्या जातात आणि सहावी बँक विचारते, पाच जणांनी का नाकारलं? पगार जिथं जमा होतो त्या शाखेत आधी जा, तिथं नाही म्हटलं तरच दुसरीकडं.

कमी सिबिलवर गृहवित्त कंपन्या कर्ज देतात हे खरं, पण दर चढा असतो. एक टक्का जास्त म्हणजे साडेनऊनं २५ लाखांचा हप्ता २१,७०० च्या जागी २३,३०० होतो. महिन्याला १,६००, वीस वर्षांत ३ लाख ८५ हजार. ज्यांच्याकडं दुसरा रस्ताच नाही त्यांनी घ्यावं आणि वर्ष-दोन वर्षं हप्ते वेळेवर भरून बँकेत हलवावं. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही.

खासरापत्रक
सातारा परिसर म्हणालात म्हणून लिहितोय. सिबिलमुळं नाकारलं असं लोकांना वाटतं, पण कितीतरी फायली कागदांवर पडतात. तोंडी फक्त "होत नाही" असं सांगतात. नामंजुरीचं कारण लेखी मागा.

त्या भागात गुंठेवारीची (मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं विकलेल्या जागेवरची) वस्ती मोठी आहे. घर गुंठेवारीतलं असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र महापालिकेचं आहे का ते बघा. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामंच त्यात बसतात. बॉण्डवर (नोंदणी न करता नुसत्या स्टॅम्पपेपरवर) घेतलेल्या प्लॉटला बँक कर्ज देत नाही, मालक कितीही खात्रीनं सांगो. सातबारा किंवा पीआर कार्ड, अकृषिक आदेश, मंजूर रेखांकन, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, आधीच्या सगळ्या खरेद्यांच्या सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला खरेदीचा गोषवारा), एवढ्याच्या प्रती इसाराआधी मागा.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-२' (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल तर तिथंच थांबा. आपल्या आठ जिल्ह्यांत निजामकाळातल्या इनाम जमिनी फार आहेत. मदतमाश या इनाम प्रकारातल्या जमिनीचा नजराणा (सरकारला भरायची रक्कम) २०२४ मध्ये ५ टक्क्यांवर आणला, पण तो भरून वर्ग-१ चा फेरफार झालेला पाहिजे. 'प्रक्रिया सुरू आहे' यावर कर्ज होत नाही. खासरा पाहणी पत्रकाची (जुन्या जमीन-नोंदीची) नक्कल तहसीलमधून काढली की मूळ जमीन इनाम होती का ते कळतं.

सिडकोतलं घर बघत असाल तर ती जागा भाडेपट्ट्याची आहे का ते बघा, तशी असेल तर गहाण ठेवायला सिडकोचं ना-हरकत वेगळं लागतं.

तेरणाखोरे
पंतप्रधान आवास शहरी २.० चंही बघा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान आहे. पाच वार्षिक हप्त्यांत मिळून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. ताईच्या नावावर घर असणं इथंही सोयीचं आहे. पण कुटुंबात नवरा धरला जातो. गावच्या नमुना ८ ला (ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत) दाजींच्या नावावर पक्कं घर असेल तर अनुदान मिळणार नाही. कर्जाची रक्कम २५ लाखांच्या वर एक रुपयाही नेऊ नका.

सिंदफणाकाठ
नमुना ८ दाजींच्या वडिलांच्या नावावर आहे. सातबारा आज काढला, वर्ग-१ आहे. परवानगीची प्रत मालक उद्या देतो म्हणाला. दाजींशीही बोललो, घर ताईच्या नावावर घ्यायला ते तयार आहेत. फक्त इसार महिनाभर थांबणार नाही, असं मालक म्हणतोय.

मांजरापट्टा
मग इसार ५०,००० च्या वर देऊ नका आणि तो चेकनं किंवा ऑनलाइन द्या. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख चालत नाही, दंड बसतो. आपले पैसे बँकेच्या नोंदीत दिसले तरच बँक ते स्वतःचा हिस्सा म्हणून धरते. पावती फक्त ताईच्या नावावर करा.

खासरापत्रक
आणि पावतीत हे वाक्य जसंच्या तसं घाला: "खरेदीदारास गृहकर्ज नामंजूर झाल्यास, अथवा मिळकतीच्या कागदपत्रांतील त्रुटीमुळे बँकेने कर्ज देण्यास नकार दिल्यास, बँकेचे लेखी पत्र दाखविल्यापासून १५ दिवसांत विक्रेता इसाराची संपूर्ण रक्कम विनाकपात परत करील." मुदत ९० दिवसांची ठेवा. पतसंस्थेची कपात थांबलेलं पगारपत्रक यायला एक महिना, मंजुरीला आणि कायदेशीर शोध अहवालाला साधारण एक महिना, आणि एक महिना हाताशी. मालक या वाक्याला नाही म्हणाला तर दुसरं घर बघा. सातारा परिसरात रो-हाऊसला तोटा नाही.